सिंकखालचा कनेक्शन पाइप बदलूनही पुन्हा पुन्हा गळतो, तेव्हा काय तपासायचं

नवा कनेक्शन पाइप, म्हणजे भिंतीतल्या कॉकपासून नळापर्यंत जाणारी लवचिक नळी, लावला, काही महिने बरे गेले आणि सिंकखालच्या कपाटात पुन्हा ओल. पाइप पुन्हा बदलला, पुन्हा तेच. असं होत असेल तर दोष पाइपात असण्यापेक्षा तो बसवण्याच्या पद्धतीत, त्याच्या लांबीत, कपाटात ठेवलेल्या बाटल्यांत किंवा लाइनच्या दाबात असण्याची शक्यता जास्त. ज्या क्रमाने तपासायचं त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे.

पाणी नक्की कुठून येतंय?

थेंब जिथे लोंबतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी पाइपाच्या बाहेरच्या धातूच्या जाळीवरून ओघळत पाइपाच्या सगळ्यात खालच्या वळणाशी येतं आणि तिथून टपकतं. दोष वरच्या जोडाचा आणि बदलला जातो पाइप. कपाट रिकामं करा, सगळे जोड फडक्याने कोरडे पुसा आणि प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. जी पट्टी सगळ्यात आधी भिजेल तिथे गळती आहे.

नळ बंद असतानाची गळती आणि चालू असतानाची गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँगल कॉक (सिंकखाली भिंतीत बसवलेले, पाणी बंद-चालू करायचे छोटे कॉक) उघडे असले की थंड आणि गरम दोन्ही कनेक्शन पाइप कायम दाबाखाली असतात, नळ चालू असो वा बंद. त्यामुळे रात्रभर नळ बंद ठेवूनही सकाळी ओल दिसली, तर गळती पाइपात, त्याच्या जोडांत किंवा अँगल कॉकमध्ये. फक्त नळ वापरल्यावरच पाणी येत असेल, तर कनेक्शन पाइपाला हात लावण्याआधी दोन साध्या चाचण्या करा. नळ न उघडता सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओता. खाली ओल आली तर गळती सांडपाण्याच्या पाइपात आहे. मग नळाचं बूड सिंकवर टेकतं तिथे कपभर पाणी सांडा. खाली थेंब दिसले तर बुडाखालचं रबर गेलंय किंवा नळ ढिला झालाय. बाहेर ओढता येणारा नळ असेल तर त्याचा लवचिक पाइप पूर्ण बाहेर ओढून पाणी सोडा आणि त्याच्या जोडाकडे बघा, कारण त्या पाइपात दाब फक्त नळ चालू असतानाच येतो.

दमट हवेत फक्त थंड पाण्याचा पाइप आणि तोही पूर्ण लांबीभर सारखाच ओला असेल, तर ते हवेतलं बाष्प साचलेलं आहे, गळती नाही.

आणखी एक फसवी जागा म्हणजे अँगल कॉकची दांडी. कित्येक वर्षं न फिरवलेला कॉक पाइप बदलण्यासाठी बंद-चालू केला की त्याच्या मुठीमागून पाणी झिरपायला लागतं. दोष अर्थातच नव्या पाइपाला दिला जातो. मूठ काढून मागचा छोटा नट पान्याने एक अष्टमांश फेरा आवळा, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं. काही कॉकमध्ये हा नट नसतो. त्यात आतलं स्पिंडल (फिरणारी दांडी) किंवा अख्खा कॉक बदलावा लागतो.

आटे पाणी अडवत नाहीत, वॉशर अडवतो

वारंवार गळणाऱ्या जोडांचे बरेच प्रकार या एका गोष्टीभोवती फिरतात. कनेक्शन पाइपाच्या फिरत्या नटाच्या आत एक चपटा वॉशर असतो. नट आवळला की तो अँगल कॉकच्या तोंडाच्या सपाट कडेवर दाबला जातो आणि तिथेच पाणी अडतं. आट्यांचं काम फक्त तो दाब देण्याचं. म्हणून या जोडावर टेफलॉन टेप गुंडाळायची नसते. टेपमुळे नट तिरका चढतो, वॉशर पूर्ण दबण्याआधीच घट्ट लागल्याचा भास होतो आणि मग गळतंय म्हणून आणखी जोर लावला की पातळ नटाला चीर जाते. ही चीर लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी नट उभा फाटतो.

टेप लागते ती अँगल कॉक भिंतीत बसतो तिथे, आणि जिथे आट्यात आटा घट्ट जाऊन पाणी अडवायचं असतं अशा निपलवर (दोन्ही टोकांना आटे असलेल्या छोट्या जोडतुकड्यावर). पातळ पांढऱ्या टेपचे ८ ते १२ वेढे, आट्याच्या तोंडाकडे बघितलं तर घड्याळाच्या दिशेने, पहिला आटा मोकळा सोडून. उलट दिशेने गुंडाळलेली टेप आवळताना सुटून गोळा होते.

वॉशरच्या जोडावर टेपशिवायही गळत असेल तर नट पूर्ण काढून आत बघा. पाइपासोबत आलेला वॉशर पडून हरवलेला असतो, किंवा जुन्या पाइपाचा वॉशर कॉकच्या तोंडाला चिकटून राहिलेला असतो आणि नवा त्याच्यावर बसतो. दोन वॉशर एकमेकांवरून सरकतात. असा जोड आज थांबतो आणि महिन्याने गळतो. कॉकच्या तोंडाची कड बोटाने फिरवून बघा. क्षाराचा खडबडीत थर लागला तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ लावून ठेवा आणि मऊ तारेच्या काथ्याने साफ करा. खोल ओरखडा किंवा खाच असेल तर कॉकच बदला. आणखी जाड वॉशर घालून काही दिवस निघतात, इतकंच.

क्वचित अँगल कॉकचे आटे जास्त लांब असतात आणि नट आट्यांच्या शेवटी जाऊन अडतो, वॉशर मात्र सैलच राहतो. नट पूर्ण आवळूनही पाइपाचं टोक आत हलतंय, ही त्याची खूण. इथे जाड वॉशर हाच खरा उपाय आहे.

फायबरचा वॉशर पाण्याने किंचित फुगतो आणि जागा धरतो, पण एकदा दबला की त्याचा आकार परत येत नाही. जोड उघडला की तो फेकून नवा घालायचा. रबरी वॉशर मऊ असेल तर पुन्हा चालतो. नख रुतत नसेल किंवा कडेला चिरा असतील तर नाही.

नळाकडचं टोक

मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र देणाऱ्या नळात पाइपाचं वरचं टोक बहुधा १० मिलिमीटर व्यासाच्या आट्याचं असतं. ते नळाच्या बुडात थेट शिरतं आणि पाणी अडवते ती त्याच्यावरची एक किंवा दोन ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. हे टोक हातानेच आवळायचं, हात थांबला की थांबायचं. पाना लावायचाच तर षट्कोनी जागेवर, अगदी हलका. जोर लावला की ओ-रिंग कापली जाते किंवा बारीक पितळी टोक आट्यापाशी मोडून नळाच्या आत राहतं, आणि ते बाहेर काढणं नवा नळ बसवण्यापेक्षा अवघड जातं.

या पाइपांच्या जोडीत एकाचं टोक आखूड आणि दुसऱ्याचं लांब असतं. ती बनावटीतली चूक नाही. नळाच्या बुडातली दोन छिद्रं इतकी जवळ असतात की दोन्ही षट्कोन एकाच उंचीवर आले तर एकमेकांना घासतात आणि दुसरा पाइप शेवटपर्यंत जात नाही. आधी आखूड टोकाचा बसवा, मग लांब टोकाचा. दुकानात दोन्ही एकसारखे मिळाले तर परत करा. हाताला घट्ट लागूनही अर्धवट बसलेला पाइप हे वरच्या जोडाच्या वारंवार गळतीचं एक नेहमीचं कारण आहे.

जुना पाइप काढल्यावर त्याच्या टोकावरच्या ओ-रिंग मोजा. एक कमी असेल तर ती नळाच्या छिद्रातच चिकटलेली आहे; टॉर्च मारून लाकडी काडीने काढा, टोकदार लोखंडी वस्तूने आतली भिंत ओरबाडली जाते. नव्या ओ-रिंगला नुसतं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका. या कामात बहुतेक ईपीडीएम रबर वापरलेलं असतं आणि खनिज तेलाने ते फुगून सैल पडतं.

पाइप घेताना

जुना पाइप सोबत न्या, किंवा निदान दोन्ही टोकांचे फोटो आणि मापं. अर्धा इंच पाइप-आट्याचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो, तीन-अष्टमांशचा साधारण साडेसोळा ते सतरा. ‘अर्धा इंच’ हे नाव कुठेच मोजता येत नाही, म्हणून मोजपट्टी लावून अर्धा इंच शोधणारे फसतात. ब्रिटिश आणि अमेरिकी पाइप-आटे हीसुद्धा एक गोची आहे: अर्ध्या इंचात दोन्हींचे इंचाला १४ आटे असल्यामुळे एक दुसऱ्यावर दोन-तीन फेरे चढतो आणि मग अडतो. तिथे जोर लावायचा नाही, योग्य अ‍ॅडॅप्टर घ्यायचा.

लांबीत अंदाज चालत नाही. सुतळी घेऊन कॉकपासून नळाच्या बुडापर्यंत पाइप जसा वळून जाणार तशी धरा आणि ती मोजा. ताणून बसणारा पाइप दोन्ही जोड सतत ओढत राहतो. फार लांब पाइप कपाटात वेटोळं होऊन कचऱ्याच्या डब्याला घासतो किंवा कुठेतरी घडी पडून प्रवाह अडवतो. दोन्ही टोकांच्या धातूच्या टोपीपासून निदान दोन बोटं पाइप सरळ राहिला पाहिजे, वळण त्यानंतर. टोपीला लागूनच काटकोनात वळलेला पाइप तिथेच फुटतो, कारण आतली रबरी नळी आणि बाहेरची जाळी दोन्ही तिथे कडेवर चिरडल्या जातात. दोन आखूड पाइप मध्ये निपल घालून जोडू नका, गळायला दोन नवीन जागा तयार होतात.

नट पितळी आहे का बघा. आतल्या बाजूला, जिथे मुलामा नसतो, पितळ पिवळसर दिसतं. करडा-पांढरट दिसला तर तो जस्ताच्या मिश्रधातूचा, लवकर तडकणारा. जाळीवर किंवा पाकिटावर ‘एसएस ३०४’ (स्टेनलेस स्टीलची एक प्रत) लिहिलेलं हवं. अ‍ॅल्युमिनियमची जाळी नवी असताना तशीच चमकते, पण ओलीत तिच्यावर पांढरी भुकटी धरते आणि तारा तुटतात. मिक्सरला दोन पाइप असतात आणि दोन्ही एकाच वयाचे. एक गेला की दोन्ही बदला.

बसवताना

गीझर किंवा वॉटर हीटर असेल तर आधी त्याची वीज बंद करा. दोन्ही अँगल कॉक बंद करून नळ गरम आणि थंड दोन्ही बाजूंना उघडा. पाणी थांबलं नाही तर कॉक पूर्ण बंद होत नाही, मेन लाइन बंद करा. कोणता पाइप गरमचा ते चिकटपट्टीने खुणावून ठेवा.

खालचा नट सोडताना एका पान्याने कॉकचं अंग धरून ठेवा आणि दुसऱ्याने नट फिरवा. असं धरलं नाही तर कॉक भिंतीतल्या आट्यावर किंचित फिरतो आणि गळती भिंतीच्या आत सुरू होते, जी कळायला महिने जातात. पाइपातलं पाणी भांड्यात सोडा.

वर हात पोहोचत नसेल तर अंधारात उताणं पडून झगडण्यापेक्षा नळ काढून घेणं सोपं. बुडाखालचा नट आणि घोड्याच्या नालेसारखी पट्टी सोडली की नळ पाइपांसकट वर उचलला जातो. ओट्यावर, डोळ्यांसमोर नवे पाइप बसवायचे आणि सगळं पुन्हा छिद्रातून खाली सोडायचं. बुडाखालचं रबर जागेवर आहे ना ते तेव्हाच बघून घ्या.

आधी नळाकडचं टोक, मग कॉककडचा नट. हा क्रम उलटा केला की बिघडतो. नळाकडचं टोक पाइपाला पक्कं असतं, ते फिरवलं की अख्खा पाइप फिरतो. खालचा नट मात्र पाइपावर सुटा फिरतो. नट आधी आवळून मग वरचं टोक फिरवलं तर पाइपाला पीळ बसतो. पीळ बसलेला पाइप दाबाखाली उलगडायला बघतो आणि हळूहळू नट सैल करतो. मार्करने पाइपाच्या अंगावर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढा. शेवटचा नट आवळून झाल्यावर ती रेघ जाळीभोवती फिरलेली दिसली तर पीळ आहे. नट सोडा, पाइप मोकळा होऊ द्या आणि तो दुसऱ्या हाताने धरून नट पुन्हा आवळा.

कॉककडचा नट लावण्याआधी कॉकच्या तोंडाशी बादली धरून पाणी क्षणभर जोरात सोडा. बंद-चालू करताना सुटलेली गंज-माती तिथेच निघून जाते, नाहीतर ती नळाच्या कार्ट्रिजमध्ये (पाणी चालू-बंद करणाऱ्या आतल्या भागात) अडकते. मग नट हाताने वॉशर टेकेपर्यंत फिरवा. पहिले दोन फेरे बोटांनीच, अजिबात न अडखळता गेले तरच पुढे; अडखळले तर आटा तिरका पकडलाय. वॉशर टेकल्यावर पान्याने पाव फेरा, फायबर असेल तर जास्तीत जास्त अर्धा. त्यावर गळलं तर आणखी अष्टमांश. त्याहून पुढे जायची वेळ आली तर नट काढून वॉशर बघा.

बसवून झाल्यावर पाण्याचा जोर कमी वाटला तर नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, तिथे कचरा साचतो. ती साफ असेल तर पाइपाची घडी किंवा भोकात घुसलेला वॉशर शोधा.

जाळी तुटते, पाइप फुगतो

काही घरांत जोड उत्तम असूनही पाइप मध्येच फुटतात. जाळी हा पाइपाचा कणा आहे. आतली रबरी नळी एकटी लाइनचा दाब पेलू शकत नाही. तारा तुटल्या की त्या जागी रबर फुगा होऊन बाहेर येतं आणि एक दिवस फुटतं. तेव्हा ते ठिबकत नाही, कॉक बंद करेपर्यंत पूर्ण धारेने वाहतं. म्हणून फुगवटा, तपकिरी डाग किंवा तुटलेली तार दिसली की गळत नसला तरी पाइप बदला. कापसाचा बोळा पाइपावरून सावकाश फिरवा: तुटकी तार असेल तिथे कापूस अडकून धागा निघतो. उघड्या बोटाने चाचपू नका, त्या तारा सुईसारख्या टोचतात.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ही समजूत इथे नडते. क्लोराइडमुळे ताणाखालच्या तारांना सूक्ष्म चिरा पडतात. सिंकखालच्या बंद कपाटात ब्लीच, फरशीचं किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड ठेवलेलं असतं. त्यांच्या वाफा झाकणातून थोड्या थोड्या बाहेर येतात आणि ओलसर जाळीवर बसतात. पाइप दर वर्षा-दोन वर्षांत तुटत असेल तर त्या बाटल्या आधी दुसरीकडे हलवा. ओट्यावर सांडलेलं क्लीनर नळाच्या बुडातून पाइपावर उतरतं तेही याच प्रकारातलं.

टोपीपाशी, म्हणजे फेरूलच्या कडेने पाणी पाझरत असेल तर दुरुस्ती नसते. त्यावर लांबी (पुट्टी), सिलिकॉन किंवा टेप थापणं म्हणजे फुटायची तारीख पुढे ढकलणं.

दाब जास्त असेल तर

चांगला पाइप, सरळ बसवलेला, कपाटही कोरडं, तरीही फुटतो किंवा नट सैल होतात. अशा वेळी दाब मोजा. नळाच्या तोंडाला किंवा बाहेरच्या एखाद्या नळाला लावायचा प्रेशर गेज मिळतो. सगळे नळ बंद ठेवून वाचन घ्या आणि रात्रीही एकदा बघा, वापर कमी असताना दाब चढतो. टाकीवरून नुसत्या उंचीने येणाऱ्या पाण्यात दर १० मीटरला साधारण १ बार (दाबाचं एकक) असा हिशोब असतो. बहुतेक कनेक्शन पाइपांवर १० बार कमाल लिहिलेलं असतं, पण ती रोजच्या वापराची मर्यादा समजू नका. ५ बारच्या वर कायम राहत असेल तर लाइनवर दाब कमी करणारा वाल्व बसवून तो ३ बारच्या आसपास ठेवा.

गेजवर दाब ठीक दिसूनही नळ, वॉशिंग मशीन किंवा डिशवॉशर बंद होताना पाइपात ‘ठक’ आवाज येत असेल तर तो पाण्याचा धक्का आहे. मशीनचा वाल्व एका क्षणात बंद होतो, वाहतं पाणी एकदम थांबतं आणि क्षणभर दाब कितीतरी पटींनी उसळतो. साध्या गेजचा काटा तो पकडत नाही. मशीनच्या कॉकजवळ धक्का शोषणारा अरेस्टर बसवा आणि भिंतीवरचे सैल पाइप क्लॅम्पने घट्ट करा. प्रेशर पंप असेल तर त्याची टाकी हवा धरून आहे का तपासा. हवा गेलेली असेल तर पंप प्रत्येक नळाला सतत चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी हा धक्का बसतो.

फक्त गरम बाजूचा पाइप वारंवार जात असेल तर हीटरकडे वळा. हीटरच्या थंड लाइनवर नॉन-रिटर्न वाल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर तापून प्रसरण पावलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसते आणि सगळे नळ बंद असताना दाब चढत राहतो. अशा लाइनला एक्स्पान्शन टाकी (हे वाढलेलं पाणी सामावून घेणारी) लागते आणि हीटरचा सेफ्टी वाल्व चालू स्थितीत असावा लागतो. तो वाल्व थेंब थेंब सोडतो म्हणून बूच मारून बंद करणं धोक्याचं आहे, पाइप फुटणं ही त्यातली किरकोळ बाब.

शेवटची तपासणी

पाणी सोडण्याआधी नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवा. नळ उघडा ठेवून कॉक सावकाश उघडा, हवा निघू द्या, धार सरळ झाली की नळ बंद करा. सगळे जोड कोरडे पुसा, चारही जोडांना नव्या टिश्यूच्या पट्ट्या लावा. दहा मिनिटांनी एकदा बघा, मग गरम पाणी दोन-तीन मिनिटं चालवून पाइप गार होऊ द्या आणि पुन्हा बघा. काही जोड तापताना धरतात आणि गार होताना सोडतात. कपाटाच्या तळाशी कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरून ठेवा आणि सकाळपर्यंत नळ वापरू नका. थेंब वाळून गेला तरी कागदावर त्याचं सुरकुतलेलं वर्तुळ राहतं आणि ते कोणत्या जोडाच्या खाली आहे तेही कळतं.

बसवल्याची तारीख कॉकवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. चांगल्या प्रतीचा पाइपसुद्धा ५ ते १० वर्षांच्या दरम्यान बदलावा, गरम पाण्याकडचा त्यातल्या आधीच्या टोकाला. दर सहा महिन्यांनी दोन्ही कॉक एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. पाइप फुटला त्या क्षणी कॉक जाम निघाला तर मेन वाल्वकडे धावावं लागतं, आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलं पाहिजे.